हापूसची पेटी आणि तापलेला समुद्र

वाशीत रिक्षावाल्याला नुसते ‘एपीएमसी’ म्हटले की पुरते. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार इथे शेजारी-शेजारी आहेत. रमजान जवळ आला की मसाला बाजारात खजुरासाठी गर्दी होते. एप्रिल-मेमध्ये मात्र खरी रौनक फळबाजारात. पहाटे ट्रक लागतात, माथाडी पेट्या उतरवतात, गाळ्यांतून पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास येतो. पेट्यांवर देवगड, रत्नागिरी अशी नावे असतात. आपल्यापैकी कित्येकांची गावे याच किनाऱ्यावर आहेत.

या पेटीचे नशीब आता समुद्राच्या उष्णतेशी जोडले गेले आहे. 14 मे 2021 रोजी आपण ईद साजरी करत होतो, त्याच दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन त्याचे वादळ बनू लागले. तेच तौक्ते. 16 मे रोजी ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले आणि 17 तारखेला त्याच्या वाऱ्यांचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या पुढे होता. तीन दिवसांत एवढी वाढ! झाडावर उरलेला शेवटच्या तोडीचा आंबा जमिनीवर आला. पडलेला, मार लागलेला आंबा पेटीत भरता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर धडकले. तिथे फळेच काय, नारळी-पोफळीच्या बागाच आडव्या झाल्या. आंबा गेला तर एक हंगाम जातो. सुपारीचे झाड गेले तर नवे रोप फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहावी लागते.

अमेरिकेकडे ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपले चक्रीवादळ. त्याचे इंधन म्हणजे समुद्राची ऊब. पाणी साधारण 26.5 अंशांहून अधिक गरम असले की वाफ जोराने वर चढते. वर थंड होऊन तिचे ढग बनतात, तेव्हा तिच्यातली उष्णता बाहेर पडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का लागतो, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. ते याच उष्णतेमुळे. त्या उष्णतेने वादळाच्या पोटातला दाब आणखी घटतो, वारे आणखी जोराने आत खेचले जातात. ऊब खोलवर असेल तर पाणी ढवळूनही खालचे थंड पाणी वर येत नाही आणि वादळाची भूक भागतच राहते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ तर 150 टक्के. पूर्वी वादळे म्हणजे बंगालच्या उपसागराची गोष्ट, असे कोकणात म्हणत. आता तसे म्हणता येणार नाही.

वादळ झपाट्याने वाढते तेव्हा सर्वांत आधी वेळ हातातून जातो. दोन दिवस मिळाले तर तयार आंबा उतरवता येतो, होड्या किनाऱ्यावर ओढता येतात, म्हाताऱ्या माणसांना पक्क्या घरात नेता येते. म्हणून गावी फोन कराल तेव्हा आंब्याच्या भावाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: हवामान खात्याचा इशारा घरात कोण ऐकतो, आणि तो आला की कोणी काय करायचे हे ठरले आहे का? पोफळीची बाग हलवता येत नाही. माणसे मात्र वेळेत हलवता येतात.