कान झाकून ऐकताना

प्रवासात आणि सकाळच्या फेरफटक्यात गाणे ऐकण्यासाठी आम्ही बरीच वर्षे कानाच्या नळीत बसणारे चिमुकले इअरफोन वापरले. दोन वर्षांपासून त्यांची जागा अख्खा कान झाकणाऱ्या, बाहेरून बंद वाट्यांच्या हेडफोनने घेतली आहे. खिशात मावणारी वस्तू सोडून खरबुजाएवढी वस्तू गळ्यात वागवणे शहाणपणाचे नव्हे, असे आमच्या स्नेह्यांचे मत आहे. त्यांचे समाधान करावे म्हणून नव्हे, तर या बदलाने ऐकण्याच्या रीतीविषयी जो विचार मनात आला तो नोंदवावा म्हणून हे टिपण.

प्रथम जुन्या सोबत्याचे ऋण मानले पाहिजे. कानात घट्ट बसणारे हे इअरफोन मूळचे रंगमंचावरचे. 1995 च्या सुमारास जेरी हार्वे या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाच्या ड्रमवादकासाठी तसे खास बनवले, कारण भोवतालच्या गदारोळात कलावंताला स्वतःचे संगीत नीट ऐकू येत नसे. बाहेरचा कल्लोळ अडवणे हाच त्यांचा धर्म, आणि तो ते उत्तम पाळतात. अवंतिका एक्स्प्रेसच्या डब्यात चाकांची घरघर ते जितकी थोपवतात, तितकी मोठा हेडफोन थोपवत नाही. हे आम्ही आजही मान्य करतो.

परंतु बाहेरचे दार बंद झाले की आतले आवाज मोठे होतात. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. तिचे तोंड बुजले, की हाडांवाटे आत येणाऱ्या ध्वनीला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग आपलेच पाऊल ढोलासारखे वाजते, आवंढा गिळलेला ऐकू येतो, वायर सदऱ्याच्या गुंडीला घासली तरी खरखर होते. ठेक्याच्या गाण्यात हे खपून जाते. पण आमचे ऐकणे म्हणजे बहुतेक ख्याल, आणि त्यातही आमच्याच इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. त्यांच्या अतिविलंबित झुमऱ्यात एका मात्रेपासून दुसरीपर्यंत जी ऐसपैस निःशब्दता असते, ती गाण्याचाच भाग आहे. मारव्याचा कोमल ऋषभ लावून ते थांबले, की त्या थांबण्यात तंबोरा ऐकायचा असतो. स्वतःच्या जबड्याची कटकट नव्हे.

मोठ्या हेडफोनची वाटी कानाला स्पर्श न करता त्याच्याभोवती टेकते. नळी मोकळी राहते, थोडी हवा राहते, आणि ध्वनी आधी कानाच्या वळ्यावळ्यांच्या पाळीवर पडतो. निसर्गाने ती पाळी उगाच दिलेली नाही. ध्वनी कोठून आला हे मेंदूला सांगण्याचे काम ती करते. त्यामुळे कपाळाच्या मधोमध बसून गाणारा गायक किंचित बाहेर येऊन बसल्यासारखा वाटतो. समोरच्या बैठकीची सर त्याला नाही. पण तो आपल्या डोक्यातून निघाला, हेही थोडके नव्हे. शिवाय वयपरत्वे कानातला मळ कोरडा होऊ लागतो, आणि रोज नळीत काही खुपसल्याने तो आतच ढकलला जातो. आमच्या कानाच्या डॉक्टरांनी हेच सांगून बदलाला शेवटचा धक्का दिला.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. हेडफोनचा विद्युत्‌रोध पाहून घ्यावा. तीस-साठ ओहमचा हेडफोन मोबाइलवर सहसा सुखाने वाजतो. अडीचशे ओहमच्या स्टुडिओ-हेडफोनला बहुधा वेगळा अॅम्प्लिफायर लागतो आणि मग ‘फिरते ऐकणे’ ही कल्पनाच बारगळते. दुसरे, चष्म्याची काडी जाड असेल तर गादी नीट टेकत नाही आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. उन्हाळ्यात कान घामेजतात, हेही सांगून टाकतो. माळव्याच्या रात्री कितीही कीर्तिमान असल्या, तरी मे महिन्याची दुपार कोणाचीच मैत्रीण नाही.

खरा धोका मात्र आवाजाच्या पातळीचा. बाहेरचा गोंगाट कमी अडतो म्हणून बोट आपोआप आवाज वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ऐकावे. तोच आवाज 90 डेसिबल झाला तर मर्यादा 4 तासांवर येते. म्हणून आम्ही एक नेम केला आहे. गाडी रतलामला थांबलेली असताना आवाज बेताचा लावायचा, आणि गाडी सुटल्यावर त्याला हात लावायचा नाही. चाकांच्या घरघरीत तंबोऱ्याचा षड्ज बुडाला, तर हेडफोन उतरवून खिडकीबाहेर पाहायचे. गाणे उद्याही असेल. कान गेला तर तो परत मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. कानातला इअरफोन दिसत नाही. घरातले माणूस बोलत राहते, आपण पाहत राहतो, आणि उत्तर न मिळाल्याचा सल मात्र त्याच्याकडे उरतो. मोठा हेडफोन लपत नाही. तो चढवला की सगळ्यांना कळते, हा माणूस आता ऐकायला बसला आहे. ज्याला काही सांगायचे तो खांद्यावर हात ठेवतो, आपण एक वाटी बाजूला सारतो आणि त्याचे ऐकतो. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला दोन हेडफोनांची सोय होती आणि एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की संगीत हळू होई आणि शेजाऱ्याचे बोलणे मायक्रोफोनमधून कानी येई. एकट्याने ऐकणे इतरांना तुसडेपणाचे वाटेल, ही चिंता करणाऱ्यांनाच होती. पुढे ही सोय गेली, आणि चिंताही गेली.

आमच्या लहानपणी घरात रेडिओ एक आणि ऐकणारे सात. आवडनिवड वेगळी असली तरी कोणाच्या कानात काय चालले आहे, हे सर्वांना ठाऊक असे. ते दिवस परत येणार नाहीत, आणि नातवंडांच्या गाण्यांसकट ते यावेत असा आमचा हट्टही नाही. पण एकट्याने ऐकायचेच, तर ते उघडपणे ऐकावे, आणि हाक आली तर एक कान मोकळा करता यावा, एवढी सभ्यता हे बोजड यंत्र आपसूक सांभाळते. त्यासाठी पिशवीत जराशी जागा करणे आम्हांला जड वाटत नाही.