सीडीचं मशीन

आईच्या जात्यावरच्या ओव्यांची एक सीडी आमच्या घरात आहे. २००६ साली कॉलेजात शिकणारी एक पोरगी अभ्यासासाठी गावात आली होती. तिनं दोन दिवस ओसरीवर बसून आईच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि पुढं आठवणीनं सीडी करून पाठवली. २०११ ला आई गेली. तिचा आवाज म्हणाल तर तेवढाच मागं राहिला.

पुतण्यानं त्या ओव्या माझ्या मोबाईलमध्ये भरून दिल्या होत्या. बांधावर बसून मी ऐकायचो. एक दिवस मंडळी म्हणाली, "तुमच्या मोबाईलबरोबर आत्याबाईबी रानात जात्यात. मी घरात काय ऐकू?"

बोलणं रास्त होतं. सासू-सून दोघींनी मिळून त्या जात्यावर वर्षानुवर्षं दळलेलं. माझ्यापेक्षा तिचाच हक्क जास्त.

घरात १९८९ साली उसाच्या बिलातून घेतलेला ॲम्प्लिफायर होता, दोन लाकडी बॉक्ससकट. टेपचा डेक कधीच बंद पडला, पण ॲम्प्लिफायर आणि बॉक्स खणखणीत. म्हणजे नुसतं सीडीचं मशीन आणून लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीनं त्याला जोडायचं. साल २०१८, कांद्याला भाव नव्हता. दोन हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं.

तालुक्याच्या दुकानात नवा डीव्हीडी प्लेअर दाखवला. सीडी त्यावर चालत होती, पण त्याला पुढं आकडे दिसायची खिडकीच नव्हती. कितवं गाणं लागलंय ते बघायला टीव्ही लावावा लागणार. ओव्या ऐकायला टीव्ही कशाला? तो नको म्हटलं.

मग रविवार धरून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. आईची सीडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. दोन-तीन जणांकडं जुने सीडी प्लेअर होते. पहिल्यानं सिनेमाच्या गाण्यांची सीडी लावून दाखवली. झकास वाजली. "काका, कंपनीचा माल आहे, डोळे झाकून घ्या." म्हटलं, माझी सीडी लाव. मशीननं ती दोन-तीनदा गरगरा फिरवली आणि सीडीच नाही म्हणून सांगितलं.

यातली मेख पुतण्यानं मला आधीच सांगितली होती. विकतची सीडी कारखान्यात ठशानं छापलेली असते. घरी भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि लेसर त्यावर खुणा भाजतो. तिच्यावरून उजेड कमी परततो. मशीनचा लेसर थकलेला असला की छापील सीडी तो वाचतो, घरची ओळखत नाही. बैल मोकळा चालवून काय कळणार? औताला जुंपूनच बघावा लागतो.

दुसरं मशीन दिसायला देखणं होतं. मागं पाटी वाचली तर १०० व्होल्ट. जपानातला माल. आपल्या घरातल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळायचा. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हणजे बजेट गेलं.

तिसऱ्याचा रिमोट हरवलेला, वरचा रंग उडालेला, ट्रे म्हाताऱ्या माणसासारखा दमानं बाहेर यायचा. पण आईची सीडी लावली आणि लगेच आकडे उमटले. मी शेवटची ओवी लावायला सांगितली. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे, कडेला येईतो दोनशेवर. सीडी काठोकाठ भरलेली होती, म्हणून मशीन कुठं अडखळतंय ते शेवटीच कळणार. सबंध ओवी न अडखळता वाजली. त्या गर्दीत, लोखंड-भंगाराच्या ढिगात आईचा आवाज आला, तसं विकणाऱ्यानंही हातातलं काम थांबवलं.

"कोण हो काका?"

"आई माझी."

अठराशे सांगितले होते, रिमोट नाही म्हणून पंधराशेला दिलं. वायर साठ रुपयांची.

घरी जोडलं तेव्हा मंडळीला एवढंच शिकवलं, की हे बटण दाबलं की ट्रे बाहेर, हे दाबलं की सुरू. आता सकाळी भाकरी थापताना तीच लावते. सीडीत ओव्यांमागं जात्याची घरघर आहे. तिला ती घरघरच जास्त आवडते. एका ओवीत दुसरी ओळ आई विसरली होती. मंडळी तिथं चुलीपाशी बसूनच ती पुरी करते.

पुतण्यानं सीडीच्या दोन प्रती काढून दिल्या. रोज वाजते ती प्रत. ऊन लागलं की सीडीतला रंग विटतो, म्हणून मूळची सीडी पत्र्याच्या पेटीत ठेवलीय, सातबाराच्या कागदांजवळ.