मागं बसलेल्यांसाठी

गेल्या महिन्यात बीडला एका शोकसभेला गेले होते. गेलेला माणूस आमच्या दिंडीचा विणेकरी. एकामागून एक वक्ते उठले, मंचावरच्या सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट घेतली, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणाले आणि आपली नि गेलेल्या माणसाची ओळख कशी झाली तेच सांगत राहिले. विणेकऱ्याची बायको मागं खांबाला टेकून बसली होती. एकाचीही नजर तिथवर पोचली नाही. तो राग मला अजून गिळता आलेला नाही, कारण बोलणं मी बीडजवळच्या कपिलधारला शिकले, आणि तिथं सुरुवातच मागच्यांकडं बघून होते.

कपिलधारची कार्तिक पौर्णिमेची यात्रा. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वीरशैव संतकवी मन्मथस्वामींच्या समाधीला दिंड्या आलेल्या. वडील टाळकरी, म्हणून मी लहानपणापासून त्यांच्या मागं. एका संध्याकाळी शिवकीर्तनाला महाराज उभे राहिले, वीणा लागली, पण त्यांनी सुरुवात केली नाही. पार मागं ऊसतोडीला निघालेल्या काही बायका बोचकी जवळ घेऊन बसल्या होत्या. महाराजांनी उभ्या जागेवरूनच विचारलं, “टोळी कधी निघायची, माय?”

“उद्या रातीला गाडी भरायची.”

“कुणीकडं?”

“सांगलीकडं.”

महाराज टाळकऱ्यांकडं वळून म्हणाले, “आज आटोपशीर घेऊ.” आणि त्या दिवशी दृष्टांतही बदलला. एरवी राजवाडा यायचा, तिथं उसाच्या पाचटाची कोपी आली. मागच्या बोचक्यांजवळ एकदम हालचाल झाली, बायका गुडघ्यांवर पुढं सरकल्या. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. भाषणकलेवर नंतर बरंच वाचलं, पण ‘टोळी कधी निघायची’ या प्रश्नाच्या पुढं मला जाता आलेलं नाही. समोरचा माणूस उद्या कुठं असणार आहे हे ठाऊक नसेल, तर त्याला आज काय सांगायचं ते कसं ठरवणार?

कीर्तनाची रचनाही बघण्यासारखी. महाराज एक चरण सोडवून सांगतात, की टाळकरी ध्रुपद उचलतात. तेवढ्यात महाराज श्वास घेतात आणि बघतात: कोण पेंगतंय, कोण उठायच्या बेतात आहे, कुणाच्या कपाळाला आठी पडलीय. पुढचं बोलणं त्यावर ठरतं. सभेच्या मंचावर टाळकरी नसतात. तिथं वक्त्यानं आपणहून थांबायचं असतं, आणि बहुतेकांना त्या थांबण्याचीच भीती वाटते.

आमच्या एका गुरुजींना वक्तृत्व स्पर्धांचा ध्यास होता. अथेन्सच्या डिमॉस्थेनिसची गोष्ट ते दर वर्षी सांगत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा माणूस तोंडात खडे धरून बोलायचा, लाटांच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा, अशी आख्यायिका आहे. आमच्याकडं समुद्र नाही. म्हणून गुरुजी श्रावणात आम्हांला कपिलधारच्या धबधब्याशी उभं करत आणि स्वतः लांब जाऊन थांबत. मी घसा ताणून म्हणाले, “शेणमाती अंगावर झेलूनही सावित्रीबाई थांबल्या नाहीत.” गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, “मला ऐकू आलं, सावित्रीबाई थांबल्या.”

‘नाहीत’ पाण्यात गेलं होतं. मराठीत क्रियापद शेवटी, होकार-नकार शेवटी, आणि आपला श्वास नेमका तिथंच संपतो. म्हणून आज मुलांना बोलायला शिकवताना मी एवढंच घोटून घेते: वाक्य लहान करा, श्वास शिल्लक ठेवा, शेवटचा शब्द पडू देऊ नका. आरंभीचं ‘सन्माननीय व्यासपीठ’ पुसट झालं तरी चालेल. मध्येच विसरून रडवेल्या झालेल्या मुलांवर माझा फार जीव आहे. पाठांतर तुटलं की त्यांच्या तोंडून आपलं पहिलं खरं वाक्य निघतं.

वडिलांनी नांदेडला विचारवंत नरहर कुरुंदकरांना ऐकलं होतं. ते सांगायचे, विरोधकालाही मांडता येणार नाही इतक्या नेटकेपणानं कुरुंदकर त्याची बाजू मांडत, आणि मग तिला उत्तर देत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच कुरुंदकर गेले. पन्नाशीही झाली नव्हती. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

आईच्या बोलण्याचं मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’ तिला ओवीन् ओवी पाठ. शिवनाम सप्ताहात पारायणाला बसायची, पण चार माणसांत उभी राहून स्वतःचं असं ती कधी बोलली नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, अनुभवमंटपात अक्कमहादेवीनं अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना भरसभेत उत्तरं दिली, अशी आमची परंपरा सांगते. आई ते मान डोलावत ऐकायची आणि बिऱ्हाडाकडं येऊन चूल पेटवायची. ज्या टोळीसाठी महाराजांनी कीर्तन आटोपतं घेतलं, तिच्यातल्या बायकांनाही त्या दोन उत्तरांपलीकडं कुणी बोलतं केलं नव्हतं.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर मांजरसुंब्याकडच्या एका गावात बायकांच्या बैठकीला गेले होते. एका बाईला पुढं बोलावलं. ती जागेवरच उभी राहिली. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. उचल किती घेतली, खाडा झाला की किती कापतात, पिशवी कितव्या वर्षी काढली, किती दिवसांनी पुन्हा डोक्यावर मोळी आली. प्रत्येक वाक्य पुरं, शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत. कुणीतरी म्हणालं, “थोडक्यात सांगा.”

“थोडक्यातच सांगते, पन समदं सांगते. लिहून घ्या.”

स्वतःचं संपल्यावर ती शेजारी बसलेल्या जावेचं सांगू लागली. जावेनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, “माझं मी सांगते.”