शिक्षेचा गाजावाजा

२६ फेब्रुवारी २०११. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने सॅन दिएगो स्टेटला त्यांच्या घरच्या मैदानावर ८०-६७ असं हरवलं. सॅन दिएगो स्टेटचा संघ त्या हंगामात तोवर एकदाच हरला होता, आणि तेही याच पाहुण्यांकडून. अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या क्रमवारीत ब्रिगहॅम यंग थेट तिसऱ्या क्रमांकावर गेलं. २९ सामने, २७ विजय. संघात जिमर फ्रेडेट होता, जो त्या वर्षी देशात सर्वाधिक सरासरीने गुण काढत होता. युटा राज्यातल्या प्रोव्हो या शहराला राष्ट्रीय स्पर्धेत खूप पुढे जाण्याची स्वप्नं पडू लागली होती.

तीनच दिवसांनी, १ मार्चला, विद्यापीठाने जाहीर केलं की ब्रँडन डेव्हीज उरलेल्या हंगामात खेळणार नाही. कारणही दिलं: ऑनर कोडचा भंग.

डेव्हीज तेव्हा १९ वर्षांचा होता. प्रोव्होतच वाढलेला, तिथल्याच हायस्कूलकडून खेळलेला, सहा फूट नऊ इंच उंचीचा फॉरवर्ड. सामन्यामागे ११ गुण आणि सहा रिबाउंड ही त्याची सरासरी. फ्रेडेट लांबून बास्केट करायचा, तर टोपलीखालची धक्काबुक्कीची कामं डेव्हीजकडे असत. उंच संघांशी गाठ पडली की अशा खेळाडूवाचून संघाचं पान हलत नाही. तो फक्त दुसऱ्या वर्षाला होता आणि पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जाईल अशी त्याच्याकडून आशा होती.

ऑनर कोड म्हणजे या विद्यापीठाची आचारसंहिता. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं हे विद्यापीठ १८७५ साली स्थापन झालं आणि आजही त्या चर्चच्याच मालकीचं आहे. प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी ही संहिता मान्य करतो. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. मुलांनी दाढी राखायची नाही. विवाहाबाहेर शरीरसंबंध नाहीत. विद्यार्थ्याचं आचरण ठीक आहे असं त्याच्या धर्मगुरूकडून दरवर्षी लिहून आणावं लागतं. बाहेरच्या माणसाला हे जाचक वाटेल, पण तिथे जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात हेच नियम लहानपणापासून पाळलेले असतात. ती हे विद्यापीठ निवडतात ते या नियमांमुळेच. विद्यापीठाचे संघ रविवारी खेळत नाहीत, आणि त्यांची ही अट मानून राष्ट्रीय स्पर्धेचं वेळापत्रक आखलं जातं. जिथे धर्मपालन एवढं काटेकोर आहे, तिथे गुणी खेळाडूसाठी नियम वाकवला असता तर तो नियमच उरला नसता.

दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, न्यू मेक्सिकोने प्रोव्होत येऊन ब्रिगहॅम यंगला ८२-६४ असं हरवलं. टोपलीखालची उणीव सगळ्यांना दिसली. ५ मार्चला हंगामातला शेवटचा घरचा सामना जिंकून संघाने विभागाचं संयुक्त विजेतेपद नक्की केलं. अमेरिकेत विजेता संघ शिडीवर चढून टोपलीची जाळी कापतो आणि प्रत्येक खेळाडू आपापला तुकडा जपून ठेवतो. डेव्हीज त्या दिवशी प्रेक्षकांत होता. सहकाऱ्यांनी त्याला जाळी कापायला बरोबर घेतलं. शिक्षा झालेल्या मुलाला संघाने आपल्यातून काढलेलं नव्हतं, हे त्या घटनेतून विद्यापीठाच्या कुठल्याही निवेदनापेक्षा स्पष्ट कळलं. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत संघ शेवटच्या सोळांत पोचला. १९८१ नंतर त्यांना हे पहिल्यांदाच जमलं होतं. तिथे फ्लोरिडाने जादा वेळेत ८३-७४ असं हरवलं आणि हंगाम संपला. डेव्हीज असता तर काय झालं असतं, हा प्रश्न प्रोव्होत पुढे कित्येक वर्षं विचारला गेला.

त्या आठवड्यात अमेरिकेतल्या क्रीडापत्रकारांमध्ये विद्यापीठाच्या कौतुकाचा पूर आला. या कौतुकाला आधार होता. २०१० साली राष्ट्रीय स्पर्धेच्या दूरचित्रवाणी हक्कांचा १४ वर्षांचा करार १०.८ अब्ज डॉलरना झाला होता. मार्च महिन्यात एकेका विजयाला किती मोल असतं, हे यावरून लक्षात येईल. एवढा पैसा समोर असताना चांगल्या खेळाडूच्या चुकांवर पांघरूण घालायची सवय अनेक विद्यापीठांना लागली आहे. ब्रिगहॅम यंगने ते केलं नाही. त्याआधी वर्षभरच, २०१० मध्ये, फुटबॉल संघाचा विक्रमवीर हार्वी उंगा याला याच संहितेच्या भंगामुळे विद्यापीठ सोडावं लागलं होतं. नियम लहानमोठा पाहत नव्हता. विद्यापीठ आपल्या शब्दाला जागलं, हे मान्य करायलाच हवं.

मात्र शिक्षा देणं वेगळं आणि ती कशासाठी दिली हे जगाला सांगणं वेगळं. डेव्हीजच्या बाबतीत या दोन गोष्टींची गल्लत झाली, आणि तिची किंमत विद्यापीठाने नव्हे, त्या मुलाने मोजली.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत खेळाडूला बाहेर बसवणं ही नित्याची गोष्ट आहे. निवेदनात ‘संघाच्या नियमांचा भंग’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात सरावाला उशिरा येण्यापासून परीक्षेतल्या कॉपीपर्यंत काहीही मावतं. लोक दोन दिवस तर्क लढवतात आणि विसरतात. ऑनर कोडचं तसं नाही. त्यातली कलमं उघड आहेत आणि मोजकी आहेत. ते नाव उच्चारलं की उरतो तो फक्त वगळण्याचा खेळ. विद्यापीठाने तपशील दिला नाही हे खरं, पण तो शोधायची वाट मात्र दाखवून दिली. एका दिवसात वर्तमानपत्रांनी छापलं की मैत्रिणीशी आलेला शरीरसंबंध हे कारण आहे. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांपासून रेडिओवरच्या चर्चांपर्यंत, देशभर एका १९ वर्षांच्या मुलाच्या खाजगी आयुष्याचा काथ्याकूट झाला. त्याच्याबरोबर एका मुलीचंही खाजगीपण उघड्यावर आलं, आणि ती तर कुठल्याच संघात नव्हती.

त्याच विद्यापीठात त्याच कारणासाठी इतर विद्यार्थ्यांनाही शिक्षा होत होत्या. त्या बंद दाराआड होत. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त राहाव्यात यासाठी अमेरिकेत १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि शिस्तभंगाची कागदपत्रंही त्यात येतात. खेळाडूला या संरक्षणाची सर्वात जास्त गरज असते, कारण त्याची रिकामी जागा लाखो लोकांना दिसते. सर्वांना समान नियम लावल्याचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेने समान आडोसाही द्यायला हवा होता.

डेव्हीज कृष्णवर्णीय आहे, त्यामुळे यात वर्णाचा प्रश्नही आहे. हे चर्च कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार देऊ लागलं ते १९७८ मध्ये. प्रोव्होच्या बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय चेहरे थोडे, आणि त्यांतले बरेच खेळाडू. संहितेचा बडगा अशाच खेळाडूंवर जास्त पडतो का, हा प्रश्न डेव्हीजच्या निमित्ताने अमेरिकेत जाहीरपणे विचारला गेला. तो विचारला जाणं योग्यच होतं.

ख्रिस्ती विद्यापीठांतल्या शिस्तीचं दुसरं टोक पाहायचं असेल तर टेक्सासमधल्या वेको शहरी जावं लागेल. तिथलं बेलर हे बाप्टिस्ट विद्यापीठ. २००३ च्या उन्हाळ्यात त्याच्या बास्केटबॉल संघातल्या पॅट्रिक डेनेहीचा खून झाला आणि संघसहकारी कार्लटन डॉटसन याला पुढे त्यासाठी शिक्षा झाली. प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांनी डेनेहीच्या शिक्षणाचा खर्च नियमबाह्य मार्गाने भागवला होता. ते उघडकीला येऊ नये म्हणून, मेलेला मुलगा अमली पदार्थ विकायचा असं चौकशीत सांगायला त्यांनी इतरांना पढवलं. सहायक प्रशिक्षक एबार राउस यांनी ते बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं नसतं, तर डेनेहीच्या नावावर तो डाग कायमचा राहिला असता. ब्लिस यांना पद सोडावं लागलं. पण राउस यांनाही पुढे या क्षेत्रात नीट काम मिळालं नाही.

दोन विद्यापीठं वेगळी, पंथ वेगळे, प्रसंग वेगळे. तरीही ही दोन प्रकरणं शेजारी ठेवावीशी वाटतात. मुलाच्या खोलीत डोकावणं सोपं असतं आणि प्रशिक्षकाच्या कचेरीत डोकावणं अवघड. संस्थेची नीती जिथे कसाला लागते ती जागा बहुतेक वेळा या दुसऱ्या दारामागे असते.

प्रोव्होतही हे उशिरा का होईना कळलं. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थिनींचीच ऑनर कोडखाली चौकशी होते, अशी प्रकरणं २०१६ मध्ये बाहेर आली. ती मुलगी तिथे का गेली होती, प्यायली होती का, असे प्रश्न विचारले जाणार असतील तर तक्रार करायला कोण धजावेल? देशभर टीका झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठाने ठरवलं की अशी तक्रार करणाऱ्यांवर त्या प्रसंगातल्या संहिताभंगासाठी कारवाई होणार नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये शेकडो विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आवारात निदर्शनं केली. संहितेची अंमलबजावणी माणुसकीने करा, असं त्यांचं म्हणणं होतं. नियमांवर श्रद्धा असलेली मुलंच हे मागत होती, म्हणून त्या मागणीला वजन होतं.

बास्केटबॉल हा खेळच मुळी धार्मिक संस्थेत जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या धर्मशास्त्र शिकलेल्या शिक्षकाने तो तयार केला. खेळातून शील घडतं, ही त्या चळवळीची श्रद्धा. मुंबईच्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या मैदानावर बास्केटबॉल वाढला तो याच चळवळीच्या वाटेने, आणि भारताचे कर्णधार अब्बास मुंतसीर नागपाड्यातूनच पुढे आले.

डेव्हीजचं शील घडवायला विद्यापीठाने एक चांगली गोष्ट केली. त्याला परत घेतलं. २०११-१२ च्या हंगामात तो पुन्हा त्याच गणवेशात खेळला आणि शेवटच्या वर्षी त्याची सरासरी १७ गुणांच्या वर गेली. एनबीएत तो थोडा काळ टिकला, मग युरोपात गेला. लिथुआनियाच्या झालगिरिस संघाने २०१८ मध्ये युरोलीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा तो त्या संघात होता. नंतर तो बार्सिलोनाकडून खेळला, आणि युगांडाच्या राष्ट्रीय संघाकडूनही. हार्वी उंगाही पुढे ब्रिगहॅम यंगमध्येच फुटबॉल प्रशिक्षक म्हणून परतला. परतीची वाट उघडी ठेवणाऱ्या संस्थेला निर्दय म्हणता येणार नाही.

पण त्या मार्च महिन्यात मुलाच्या वाट्याला जे आलं ते टाळता येण्यासारखं होतं. डेव्हीज या हंगामात खेळणार नाही, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पुढचं वाक्य विद्यापीठाने उच्चारायला नको होतं.