खिळा न ठोकता

गेल्या महिन्यात आमच्या कन्येचा पुण्याहून फोन आला. शिक्षणासाठी ती तिथे दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. जेवणखाण, परीक्षा, पैसे यांची चौकशी झाल्यावर म्हणाली, "पप्पा, इथं भिंतीला खिळा ठोकायला मनाई आहे. करारातच लिहिलंय. आजोबांचा स्टँड मला द्याल का?" आम्ही "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. काय बघणार होतो ते आमचे आम्हालाच ठाऊक नव्हते. पण त्या रात्री झोप लागली नाही हे खरे.

वाचक बंधू-भगिनींनो, हा स्टँड म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. हल्ली बाजारात प्लॅस्टिकचे आणि तारेचे तसले स्टँड ढिगाने मिळतात. आमचा स्टँड लाकडी, दीड फूट उंच. चार पट्ट्यांची एक चौकट, खाली फोटो टेकण्यासाठी पुढे आलेली बोटभर पट्टी, मागे बिजागरीवर हलणारा एक पाय. तळाला मागच्या बाजूने निघालेल्या पट्टीवर तीन खाचा आहेत. पाय ज्या खाचेत बसवाल तितका स्टँड उभा किंवा कललेला राहतो. कापडाच्या आरामखुर्चीची दांडी खाचेत बसते ना, अगदी तीच युक्ती. मिटला की पाटासारखा सपाट होतो आणि पिशवीत मावतो.

तो केला आमच्या वडिलांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार होते. परळची खोली चुलत्यांच्या वाट्याला गेली आणि १९९१ च्या जूनमध्ये आम्ही बिऱ्हाड घेऊन कल्याणला आलो. दहा बाय बाराची खोली, अकरा महिन्यांचा करार. आम्ही तेव्हा नववीत होतो.

सामान लावताना अण्णांनी पहिल्यांदा बाबासाहेबांचा फोटो काढला. हातोडी हातात, खिळा तोंडात. तेवढ्यात घरमालक दारात आले. म्हणाले, "खिळा ठोकायचा नाही. गिलावा पडतो." अण्णांनी मुकाट्याने खिळा तोंडातून काढला. दुसऱ्याची भिंत, दुसऱ्याचा गिलावा, त्यांचे म्हणणे रास्तच होते. पण चार दिवसांनी आई शेजारच्या खोलीत विरजण मागायला गेली, तर तिथे भिंतीवर कॅलेंडर, दोन तसबिरी आणि घड्याळ. पलीकडच्या खोलीतही तेच. आईने येऊन सांगितले तेव्हा अण्णा जेवत होते. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे गिलावा फक्त आपल्याच भिंतीचा कच्चा आहे."

आदल्याच वर्षी, १२ एप्रिल १९९० रोजी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले होते. भारतरत्न त्याच वर्षी. अण्णांनी वर्तमानपत्रातले कात्रण पाकिटात जपून ठेवले होते. संसदेच्या भिंतीवर जागा झाली, आणि आमच्या दहा बाय बारात एक खिळा मिळेना!

त्या रविवारी त्यांनी भंगारवाल्याकडून सागवानाच्या जुन्या पट्ट्या आणल्या. मोजमाप कागदावर नाही, सगळे बोटांवर. आमच्याकडे टेबल नव्हते. स्टँड ठेवायचा तो लोखंडी पेटीवर, आणि पेटीवर चादर. पहिल्या दिवशी पाय चादरीसकट मागे सरकला आणि फोटो उताणा पडला. अण्णांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे तळाला चिकटवले, चादर काढून टाकली, मग तो हलेना. तीन खाचांचा हिशोबही त्यांनी आम्हाला समजावून दिला होता. पहिल्या खाचेत स्टँड जवळजवळ ताठ, जागा कमी लागते, पण पंख्याच्या वाऱ्याने पुढे झोकांडी खातो. दुसरी फोटोसाठी. तिसरीत तो चांगलाच मागे झुकतो, ती कॅलेंडरसाठी, कारण कॅलेंडर नुसते बघायचे नसते, त्यावर लिहायचे असते. मागे हार्डबोर्ड लावला, वरून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, आणि पेन्सिलीचा दाब सहन होईल असा उतार. आई त्यावर दुधाचे खाडे मांडी, रॉकेल आणल्याची तारीख लिही, पौर्णिमेला गोल करी. पुढे आम्ही बी.कॉम. झालो, कचेरीत रजिस्टरे भरू लागलो, पण आईच्या त्या कॅलेंडराइतकी चोख नोंदवही आम्हाला अजून ठेवता आलेली नाही.

एक स्टँड आणि वस्तू दोन, म्हणून अण्णांनी पंधरा दिवसांत दुसरा केला. तो मात्र कॅलेंडरचाच राहिला आणि वाळवीने खाल्ला. पहिला, फोटोचा, तो आजवर टिकला.

घरमालक पहिल्या तारखेला भाड्याला आले. पेटीकडे त्यांची नजर गेली. "हा फोटो?"

"आमच्या बाबासाहेबांचा," अण्णा म्हणाले. "भिंतीला हात लावलेला नाही, मालक. बघून घ्या."

त्यांनी खरोखरच भिंत बघितली. मग भाडे मोजून घेतले आणि गेले. आमचे अण्णा शांत माणूस. पण त्या संध्याकाळी ते शीळ घालत होते.

आता जे सांगायचे आहे ते आम्ही आजवर कुठे लिहिले नाही. सभेत तर नाहीच. पुढच्या पहिल्या तारखेला आई बाजारात गेली होती, अण्णा कामावर. आम्ही एकटे अभ्यास करत बसलो होतो. जिन्यावर मालकांच्या चपलांचा आवाज आला. वर्गातला एक मुलगा शेजारीच राहायचा, तो मालकांच्या मागोमाग वर येत होता. आम्ही उठलो, पाय खाचेतून काढला, स्टँड मिटला आणि फोटोसकट पेटीमागे सरकवला. मालक आले, "वडील नाहीत का?" म्हणून गेले. तो मुलगा आत येऊन बसला, गणिताची वही घेऊन गेला. पुन्हा स्टँड मांडायचे आमच्या लक्षातच राहिले नाही. की राहिले होते, देव जाणे म्हणायचीही आम्हाला सोय नाही.

अण्णा रात्री आठला आले. डबा ठेवला, हात धुतले आणि पेटीकडे बघत उभे राहिले. आम्ही पुस्तकात डोके घातले. ते पेटीमागे वाकले, फोटो काढला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि पाय दुसऱ्या खाचेत बसवला. खट्. तो आवाज आमच्या कानात अजून आहे. रागावले असते तर बरे झाले असते. जेवताना त्यांनी आम्हाला भाकरीचा मोठा तुकडा वाढला आणि विचारले, "चाचणी कधी आहे रे?"

अकरा महिने संपले. करार पुढे वाढला नाही. कारण सांगितले की पुतण्या राहायला येणार आहे. त्यानंतर आम्ही चार खोल्या बदलल्या, आणि प्रत्येक खोलीत पहिल्यांदा काय बाहेर निघाले ते सांगायला नको.

आम्ही कामाला लागलो, वस्तीतल्या मंडळात आलो, तेव्हा हा स्टँड आमच्याबरोबर फिरू लागला. नामकरण असो, मंगल परिणय असो, पुण्यानुमोदन असो, लोकांकडे फोटो असतो पण ठेवायला धड काही नसते. खुर्चीला नाडीने बांधतात, पाठीमागे डबे लावतात. मग हार घातला की वजन पुढे येते आणि ऐन वंदनेच्या वेळी फोटो मान टाकतो. धावपळ होते, कुणी तरी म्हातारी "अपशकुन झाला" म्हणते आणि तिला समजावण्यात अर्धा तास जातो. मायबाई, शकुन-अपशकुन काही नाही, मागचा पाय आखूड पडला एवढेच! हार घालायचा असेल तर स्टँड तिसऱ्या खाचेत झुकता ठेवावा, हे आमचे वीस वर्षांच्या समाजकार्यातले एक पक्के संशोधन आहे. कचेरीत ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीलाही आम्ही तोच नेतो. साहेब दरवर्षी म्हणतात, "एक विकत घेऊन टाकू." दरवर्षी राहून जाते.

२००४ मध्ये कर्ज काढून स्वतःची खोली घेतली. पहिला खिळा अण्णांनी ठोकला. गिलावा थोडा पडलाच. २००९ साली अण्णा गेले. तेव्हापासून स्टँड कपाटावर होता, कार्यक्रमापुरता खाली येई.

कन्येचा फोन आल्यावर आम्ही तो उतरवला. बिजागरीचा स्क्रू सैल झाला होता, तो बदलला. रबर तडकले होते. आमच्या पत्नीने विचारले, "द्यायचा का नाही, एवढा काय विचार चाललाय?" आम्ही म्हटले, जुना आहे, वाटेत मोडेल. एका रविवारी स्वतःच घेऊन निघालो.

पुण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. पोरीने पुस्तकांच्या रॅकवर बाबासाहेबांचा लहान फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, पुढे घसरू नये म्हणून डिक्शनरी लावलेली. तिने स्टँड उघडला आणि पाय सरळ पहिल्या खाचेत बसवला.

"पंखा आहे बाई. दुसरीत लाव," आम्ही म्हटले. मग थोडे थांबून विचारले, "घरमालकीण इथे येतात का?"

"येतात ना. परवाच आल्या होत्या. का?"

"काही नाही."

ती आमच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने पाय दुसऱ्या खाचेत टाकला आणि स्टँड हलवून बघितला. एका कोपऱ्याचे रबर निघाले होते. खाली सायकलचे दुकान होते, तिथून आम्ही ट्यूबचा तुकडा आणि सोल्यूशन आणले. चिकटवले, आणि सुकेपर्यंत फोटो हातात धरून बसलो.