कॅप्टनकीची काजं

माझे वडील पुण्याच्या कॅम्पात एका मिलिटरी टेलरकडे काज-बटनाला होते. कापड बेतणारा कटर हा दुकानाचा राजा. काजवाला कोपऱ्यात, खिडकीपाशी, पाटावर. पण नवा कोट चढवून साहेब आरशासमोर उभे राहिले की त्यांची नजर आधी खांद्याकडे जायची, आणि खांद्यावरचे तारे ज्या भोकांतून बसवलेले असत ती वडिलांनी दोऱ्याने बांधलेली असत. ‘भोक कुणीही पाडेल,’ ते म्हणायचे, ‘काज करायला हात लागतो.’ मला त्यांची सुई मिळाली, थोडाफार रफू मिळाला, धंदा मात्र मिळाला नाही. मी बँकेत चिकटलो आणि रविवारी सैन्यातले जुने गणवेश, बिल्ले जमवू लागलो.

सुरुवात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात झाली. ताडपत्रीवर कुलपं, नळाच्या तोट्या, पंख्याची पाती आणि मधेच एखादा टोपीवरचा बिल्ला, मराठा लाइट इन्फंट्रीचा, बिगुल, ढाल आणि तलवारींचा. पहिली दोन वर्षं मी बहुतेक नकलाच घेतल्या. मग एका जुन्या जाणकाराने बिल्ला उलटा करून बघायला शिकवलं. ठशाखाली दाबून काढलेल्या पितळी बिल्ल्याची पाठ बहुधा त्याच्या चेहऱ्याची उलटी प्रत असते. समोर बिगुल जेवढं फुगलेलं, मागे तेवढीच खळगी. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ दाणेदार, आणि तलवारीची मूठ वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत. समोरून दोन्ही सारखेच चमकतात.

खरा-खोटा कळला की मग काळ. मुकुट दिसला तर वस्तू प्रजासत्ताकाच्या आधीची. २६ जानेवारी १९५० ला खांद्यावरचा मुकुट उतरला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. ताराही बदलला. इंग्रजी अमलातला तारा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या सन्मानाच्या चिन्हावरून घेतलेला, मध्यभागी तीन मुकुट आणि भोवती लॅटिन बोधवाक्य. आपला तारा साधा, पाच टोकांचा. त्यामुळे एकच तारा लावणारे दोन परमवीर माझ्या डोळ्यांपुढे वेगवेगळे उभे राहतात. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे. त्या काळाच्या हिशेबाने त्यांचा तारा जुन्या घाटाचा. आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पडलेले पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. त्यांचा तारा पाच टोकांचा. सेकंड लेफ्टनंट हा हुद्दाच आता राहिलेला नाही. आजचा मुलगा अकादमीतून बाहेर पडतो तो दोन तारे लावून, थेट लेफ्टनंट म्हणून. अधिकाऱ्याचा एकटा तारा फक्त जुन्या खांद्यांवर सापडतो.

एवढं सगळं ओळखता आलं तरी बाजारातला बिल्ला मुकाच असतो. व्यापाऱ्याच्या हाती ट्रंक लागली की पदकं एकाला, टोपी दुसऱ्याला, सॅम ब्राउन पट्टा तिसऱ्याला. सुटं विकण्यात पैसा जास्त. म्हणून गेली वीस वर्षं मी शक्यतो अधिकाऱ्यांकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडूनच घेतो, आणि एका माणसाचं जे काही येतं ते फोडत नाही. चालू वापरातला गणवेश घेत नाही. २०२२ च्या सेनादिनी दिसलेल्या नव्या छापाच्या लढाऊ गणवेशाचं डिझाइन लष्कराने नोंदवून घेतलं आहे. तो पैदा करण्याला छंद म्हणत नाहीत. आणि जमवलेलं अंगावर घालत नाही, फोटोपुरतंही नाही. सैनिक असल्याचं भासवायला तो वेश करणं भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमाखाली गुन्हा होता, नव्या न्याय संहितेतही आहे. माझं कारण त्याहून जुनं. वडिलांनी जन्मभर ते कोट हाताळले, कधी एकही खांद्यावर टाकून पाहिला नाही.

वानवडीतल्या कर्नलसाहेबांची ट्रंक माझ्याकडे आली ती अशीच, ओळखीतून. काळी लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, आयसी नंबर आणि पलटण. १९६१ चं कमिशन, मराठा पलटणीतली नोकरी, १९८८ ला निवृत्ती. ‘मुलगा परदेशात, नातवाला यातलं काही नको,’ ते म्हणाले. ‘भंगारात जायला नको, एवढंच.’ वडिलांचा धंदा कळल्यावर ते मला मास्तर म्हणू लागले. काकूंनी चहा ठेवला आणि मी वही काढली.

या कामातलं खरं हत्यार वही आणि पेन्सिल. ट्रंक उघडताना जो माणूस शेजारी बसलेला असतो त्याला तेव्हाच विचारायचं: हे कधीचं, कुठे शिवलं, कुठल्या पोस्टिंगला घातलं. पुढच्या खेपेला तो असेलच असं नाही. छातीवरच्या फितींची पट्टी हातात घेतली आणि वाचत गेलो: १९६५ च्या लढाईचा समर सेवा स्टार, त्याच वर्षाचं रक्षा पदक, १९७१ चा पश्चिमी स्टार, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं १९७२ चं पदक. पदकाची कड अंगठ्याने फिरवली की नंबर, हुद्दा, नाव वाचता येतं. साहेब माझ्याकडे बघत होते. ‘तुम्ही तर माझा रेकॉर्ड काढून बसलात,’ म्हणाले. मला बरं वाटलं. फितीवरून माणूस कुठे होता ते कळतं, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

ट्रंकेच्या तळाशी ग्रेटकोट. नवा अधिकारी असताना एकदा शिवलेला, मग सत्तावीस वर्षं तोच. तारे आणि स्तंभ काढून साहेबांनी एका पत्र्याच्या डबीत ठेवले होते, त्यामुळे खांद्यावरच्या पट्ट्या रिकाम्या होत्या आणि सगळी काजं उघडी. बाहीच्या शिवणीजवळचं काज सगळ्यात सैल: पहिला तारा तिथे लागला. दुसरा त्याच्या वर, गळ्याच्या बाजूला. तिसरा त्याच्याही वर, म्हणजे कॅप्टन. मेजर झाल्यावर तिन्ही तारे उतरतात आणि एकटा अशोकस्तंभ येतो; त्याच्या कड्या ताऱ्यांच्या काजांत बसल्या नव्हत्या, म्हणून नवी भोकं. लेफ्टनंट कर्नल झाल्यावर स्तंभाखाली परत एक तारा, आणि तो पुन्हा त्याच पहिल्या काजात. कर्नलला दोन. बोटभर कापडावर अख्खी नोकरी वर-खाली झाली होती.

हे सगळं मला दिसलं होतं, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

कोटाच्या पाठीला कसर लागली होती. त्याला माझा ठरलेला उपाय आहे: पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. घरात त्यावरून बोलणी बसतात, पण अळी मरते. मग मऊ ब्रश, मग धुतलेल्या मांजरपाटाची खोळ; प्लास्टिक नाही, ऊन नाही, पितळेला पॉलिश नाही. कसरीची भोकं मात्र बुजवायला हवी होती. आतल्या शिवणीतली माया उसवून लोकरीचे चार धागे काढले आणि वडिलांच्या पद्धतीने उभा-आडवा रफू विणला. इतका बेमालूम बसला की हात थांबेना. खांद्यावर कर्नलच्या मांडणीला लागतील तेवढी काजं ठेवली. बाकीची, कॅप्टनच्या तिसऱ्या ताऱ्याचं आणि मेजरच्या स्तंभाची, दोन्ही खांद्यांवरची, बुजवून टाकली. डाव्या तिसऱ्या काजाभोवती काळ्या दोऱ्याचे चार ओबडधोबड टाके होते. बेढब दिसत होते, म्हणून आधी तेच उसवले. मग स्तंभ आणि दोन-दोन तारे बसवले, कॉलरला लाल पट्ट्या लावल्या. कोट शोरूममधून आल्यासारखा दिसू लागला.

दिवाळीनंतर साहेब बघायला आले. नजर अधू झाली होती. त्यांनी कोटाच्या डाव्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि ताऱ्यांच्या कडेकडेने हळूहळू सरकवला, परत मागे नेला, परत पुढे.

‘मास्तर, माझी कॅप्टनकी कुठे गेली?’

मी रफूचं सांगितलं. आधी जरा कौतुकाने, मग आवाज खाली जात गेला.

‘इथे काळा दोरा होता,’ ते म्हणाले. ‘ताऱ्याची कडी तुटली होती. माझ्या सहायकाने बांधून दिला होता. डिसेंबर एकाहत्तर.’ पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. काकू म्हणाल्या, ‘चला, उशीर होतोय,’ आणि त्यांनी साहेबांचा हात धरला.

गणवेश या शब्दातच गण आहे. शंभर माणसं एकसारखी दिसावीत म्हणून तो शिवतात, आणि ते रास्तच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची टोपी, बिल्ले, पट्टा, बूट सगळ्या सेनेत एकसारखे झाले. पलटणीची दोरीही खांद्यावरून गेली, कारण त्या हुद्द्याचा माणूस एका पलटणीचा राहत नाही. लष्कराला साम्य हवं असतं. त्याच नजरेने मी कोटाकडे पाहिलं आणि नियमाबरहुकूम करून ठेवला. पण नियमाबरहुकूम कर्नलचा कोट कुठलाही टेलर आजही शिवून देईल. माझ्या हाती जो आला होता त्यात नियमाबाहेरचं होतं ते एवढंच: एक सैल काज, चार काळे टाके.

त्या रात्री डाव्या खांद्यावरचा रफू उसवला. धागे सुटले, भोक परत आलं. काज आलं नाही. वडील म्हणायचे ते बोटांना पहिल्यांदा कळलं. उजवा खांदा तसाच ठेवला. दुसऱ्यांदा सुई लावायचा धीर झाला नाही. काळे टाके केरात गेले ते गेलेच, आणि तसल्याच दोऱ्याने ते पुन्हा घालणं मला सहज जमलं असतं, म्हणूनच घातले नाहीत.

आता प्रत्येक वस्तूच्या कार्डावर मी एक रकाना वाढवला आहे: ‘माझ्या हातून झालेले बदल’. बहुतेक कार्डांवर तिथे आडवी रेघ असते. ग्रेटकोटाच्या कार्डावर लिहिलंय: ‘उजवा खांदा, मेजरची भोकं आणि कॅप्टनचं तिसरं काज, रफू माझा. डावा खांदा, रफू उसवला. तिसऱ्या काजावर काळ्या दोऱ्याचे चार टाके होते. सहायकाने घातलेले. डिसेंबर १९७१. आता नाहीत.’