शॉकअप

'धक्का', 'गचका', 'दणका' आणि 'हादरा' हे शब्द समोर ठेवले, तर तुम्ही ते समानार्थी म्हणून एका ओळीत लिहाल. वर्गात मीही अनेक वर्षे ते तसेच शिकवले. त्यांच्यातील अंतर मला कळले ते एका जुन्या दुचाकीच्या मागच्या आसनावर बसलेल्या माझ्या वडिलांकडून.

ही दुचाकी म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची 'राजदूत जीटीएस १७५'. १९७३ साली राज कपूर यांचा 'बॉबी' हा चित्रपट आला, त्यात नायकाच्या हाती ही बुटकी गाडी होती आणि तेव्हापासून लोकांनी तिचे कारखान्यातील नाव विसरून तिला 'बॉबी'च म्हटले. अण्णांनी ती जुनीच विकत घेतली होती. रत्नागिरीच्या चढउतारांवर त्यांनी ती वर्षानुवर्षे चालवली. मी टाकीवर बसून शाळेत गेलो आहे. पुढे ती पडवीत उभी राहिली. अण्णांनी ऐंशी ओलांडली, मणक्याच्या दुखण्याने त्यांचे बाहेर पडणे थांबले. गेल्या दिवाळीत ते म्हणाले, "एकदा बॉबीवरून भाट्याच्या पुलापर्यंत ने." रिक्षा सुचवली, तर ते भिंतीकडे तोंड करून निजले.

इंजिन थोड्या खटपटीने सुरू झाले. प्रश्न शॉकअपचा होता. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. शॉकअपच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांनी ऑइल सील कापले गेले होते आणि आतले तेल केव्हाच गळून गेले होते. त्यात गाडी लहान चाकांची. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्यात लहान चाक खोल उतरते आणि पलीकडच्या कडेवर अधिक उभे आदळते.

अण्णांची अट होती, गाडीचे मूळ रूप बदलायचे नाही. मग मी सोपा मार्ग निवडला. जुन्या नळ्या तशाच ठेवून त्यांवर जाड तारेच्या कडक स्प्रिंगा चढवून घेतल्या. तुमच्यापैकी कोणी गॅरेजमध्ये काम करत असेल, तर माझी चूक त्याच्या आताच ध्यानात आली असेल.

पुलाच्या अलीकडेच अण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. ते उतरले, कठड्याला धरून उभे राहिले आणि अखेर रिक्षानेच घरी आले. दोन दिवस अंथरुणावरून उठले नाहीत. मी क्षमा मागू लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गचका कमी झाला रे. पण दणका वाढला, आणि हादरा थांबतच नाही."

हे वाक्य मी जसेच्या तसे एका वृद्ध मेस्त्रींना सांगितले. मला वाटले होते, ते हसतील. त्यांनी स्प्रिंगवर तळवा दाबला, सोडला, आणि गाडी तीनचार वेळा वरखाली झाली. "बाबांनी बरोबर सांगितलंय, सर," ते म्हणाले. "स्प्रिंग उचलणार, तेल आवरणार. तुमच्याकडे आवरणारा कोणी नाही."

चाक खड्ड्यात उतरले की शरीर खाली जाते, तो गचका; स्प्रिंग कडक असल्यामुळे तो घटला होता. उंचवट्याचा मार खालून थेट पाठीवर बसतो, तो दणका. तो त्याच कडकपणामुळे वाढला होता. आणि खड्डा मागे पडल्यावरही जे उरते, तो हादरा. स्प्रिंग साठवलेली शक्ती परत करते. ती शमते तेलामुळे: दट्ट्या तेलातून जाताना तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि त्या घर्षणात हालचालीची उष्णता होते. मी पंचवीस वर्षे अर्थविचार शिकवत होतो, पण या तीन शब्दांत एका यंत्राचे निदान मावते, हे मला ठाऊक नव्हते. ('शॉकअप' हा शब्दही पाहा. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर याच गावी राहून भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते. 'धक्काशोषक' असा शब्द कोणीही घडवू शकेल. पण दुकानात तो उच्चारला, तर रिकाम्या हाताने परत यावे लागेल.)

अण्णांची अट मोडावी लागणार होती. ते मी त्यांना सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुने टाकू नकोस."

मेस्त्रींनी जुन्या शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांमधील अंतर मोजले. नवा लांब निघाला, तर गाडी मागून उचलली जाते आणि हँडल अस्थिर होते. आखूड निघाला, तर चाक मडगार्डला घासते. त्याच मापाचा, आजच्या एका हलक्या मोटारसायकलचा तेलाचा जोड मिळाला. छिद्रे बारीक होती, म्हणून लेथवर नवे बुश करून घेतले. पुढच्या फोर्कचे सील आणि तेलही बदलले. नव्या शॉकअपवर स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या पाच खाचा होत्या. अण्णांना आसनावर बसवून मेस्त्रींनी दुसरी खाच निवडली. मी तिसरी सुचवली होती. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

जुने शॉकअप मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत.

या वेळी आम्ही सकाळी लवकर निघालो. काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत मागून शब्द आला नाही. पलीकडे मी गाडी थांबवली.

"हादरा?"

"नाही."

"गचका?"

"तो रस्त्याचा," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पावसच्या दिशेने हात केला.